सप्लाय कुठून येतो? एका मेलेल्या ताऱ्याचा प्रकरण अभ्यास

जानेवारीतली अमावास्येची रात्र होती. वांगणीजवळच्या एका शेतात आम्ही आठ इंची दुर्बीण मांडली होती. दहाच्या सुमाराला वृषभ रास माथ्यावर आली. रोहिणीचा तांबूस ठिपका सापडला की बैलाचं डोकं सापडतं, आणि तिथून पूर्वेकडे गेलेली दोन शिंगं. दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाला झीटा टॉरी नावाचा मध्यम तेजाचा तारा आहे. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या जाडीएवढं अंतर त्या ताऱ्यापासून सरकायचं. दुर्बिणीत एक राखाडी, लांबट डाग येतो. कडा नाहीत, रंग नाही. थंडीत काचेवर श्वास सोडला की जसा उमटतो तसा.

हा डाग म्हणजे क्रॅब नेब्यूला, मराठीत खेकडा तेजोमेघ. एक तारा मेला, त्याचे हे अवशेष.

शेताचे मालक वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले काका आहेत. रात्री चहा घेऊन आले की तेही एकदा डोळा लावतात. त्या रात्री त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "साडेनऊशेच्या वर वर्षं झाली म्हणता ह्याला मरून. मग अजून उजेड कसा? सप्लाय कुठून येतोय?"

मला तो प्रश्न फार आवडला, कारण खगोलशास्त्रज्ञांना नेमका हाच प्रश्न विसाव्या शतकात काही दशकं छळत होता. मेल्यावर ताऱ्याचं काय होतं, हे समजून घ्यायला क्रॅबइतकं चांगलं प्रकरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. मृत्यूची तारीख माहीत आहे, अवशेष समोर आहेत, आणि मेलेला तारा आत अजून काम करतो आहे. त्याच्या कामाचा हिशेब घड्याळ लावून मोजता येतो.

मृत्यूची नोंद

४ जुलै १०५४ रोजी पहाटे चीनमधल्या सोंग दरबाराच्या ज्योतिषांना पूर्वेकडे, झीटा टॉरीजवळ, एक नवा तारा दिसला. त्यांनी त्याला 'पाहुणा तारा' म्हटलं. नोंदी सांगतात की तो शुक्रासारखा भर दिवसा दिसत होता, आणि तसा तेवीस दिवस दिसला. पुढे रात्री तो एप्रिल १०५६ पर्यंत नुसत्या डोळ्यांना दिसत राहिला. म्हणजे पावणेदोन वर्षं. यांग वेइदे या राजज्योतिषानं सम्राटाला त्याचा शुभ अर्थही लावून सांगितला. जपानमध्येही नोंद आहे, आणि बगदादचा वैद्य इब्न बुतलान यानंही त्या काळात एक नवा तारा उगवल्याचं लिहून ठेवलं.

आपल्याकडे तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आहे. दगड घडवणारे ते पाथरवट पहाटे उठून पूर्वेकडे बघत असतील तेव्हा जुलैत ढगच असणार, पण पाऊस सरल्यावर दोन हिवाळे तो तारा त्यांच्या डोक्यावर होता. पुण्यात जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय ग्रंथांत या ताऱ्याचा उल्लेख शोधला होता. ठामपणे बोट ठेवावं अशी नोंद हाती आली नाही. मला याची चुटपुट लागून राहिली आहे. एवढी मोठी गोष्ट इथल्या कुणीच पाहिली नसेल, हे मन मानत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. हा तारा आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर आहे. त्यामुळे १०५४ साली जे दिसलं ते प्रत्यक्षात त्याच्याही साडेसहा हजार वर्षं आधी घडून गेलं होतं. या लेखात मी "१०५४ साली मेला" असं म्हणेन तेव्हा "त्याच्या मरणाची बातमी इथे पोचली" असं समजावं. खगोलशास्त्रज्ञही तसंच बोलतात, नाहीतर प्रत्येक वाक्यात दोन तारखा लिहाव्या लागतील.

अवशेषांची ओळख पटते

पाहुणा तारा विझला आणि लोक विसरले. पुढे १७३१ मध्ये इंग्लंडच्या जॉन बेव्हिस यांना दुर्बिणीतून तिथे एक धूसर ठिपका दिसला. १७५८ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसचे शार्ल मेसिए एका धूमकेतूचा माग काढत असताना याच डागावर येऊन थांबले. धूमकेतू म्हणावा तर हा जागचा हलत नव्हता. असले फसवे डाग पुन्हा घोळ करू नयेत म्हणून त्यांनी यादीच करायला घेतली, आणि त्या यादीतला पहिला क्रमांक याचा, एम १. 'क्रॅब' हे नाव आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांच्या १८४४ मधल्या रेखाटनावरून पडलं. त्यांना त्यात खेकड्याच्या नांग्या दिसल्या.

खरी ओळख पटली ती १९२१ मध्ये. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत जॉन डंकन यांनी साडेअकरा वर्षांच्या अंतरानं घेतलेल्या दोन फोटोप्लेटा शेजारी ठेवल्या, तर वायूच्या गाठी बाहेरच्या बाजूला सरकलेल्या होत्या. तेजोमेघ पसरतो आहे. पसरण्याचा वेग मिळाला की चित्रफीत उलटी फिरवता येते, आणि ती साधारण नऊशे वर्षांपूर्वी एका बिंदूत येते. त्याच वर्षी स्वीडनच्या लुंडमार्क यांनी चिनी नोंदींची यादी प्रसिद्ध केली, १९२८ मध्ये एडविन हबल यांनी दोन्हींची गाठ घातली, आणि १९४२ मध्ये मेयॉल व ऊर्ट यांनी शंकेला जागा ठेवली नाही. १०५४ चा पाहुणा तारा आणि क्रॅब नेब्यूला एकच.

आजच्या मोजणीनुसार हा मेघ अकराएक प्रकाशवर्षं रुंद आहे आणि त्याचा वायू सेकंदाला सुमारे दीड हजार किलोमीटर वेगानं बाहेर जातो आहे.

हिशेब जुळेना

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. तारा फुटला, तुकडे उडाले, अजून उडत आहेत. पण तसं असतं तर काकांचा प्रश्न उभाच राहिला नसता. चुलीतली राख जशी निवत जाते तसा हा वायू एव्हाना निवायला हवा होता. तो निवलेला नाही. लोड चालू आहे.

पहिली विसंगती प्रकाशातच होती. क्रॅबमध्ये दोन प्रकारचा उजेड आहे. बाहेरून जाळीसारखे तंतू दिसतात, ते लाल-हिरवे, आणि तो प्रकाश तापलेल्या हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधकाचा नेहमीचा. पण आतल्या पोकळीत एक निळसर, एकसंध उजेड भरलेला आहे, आणि तो तापलेल्या कोणत्याच वायूशी जुळत नव्हता. १९५३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ योसिफ श्क्लोव्स्की यांनी सुचवलं की हा उष्णतेचा उजेडच नव्हे. प्रकाशाच्या जवळपास वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात अडकून गोल गोल वळतात, आणि वळताना प्रकाश सोडतात, तो हा. खरं असेल तर या प्रकाशाची कंपनं ठरावीक दिशेला असायला हवीत, पोलराइज्ड गॉगल फिरवला की उजेड कमी-जास्त होतो तसा. पुढच्याच वर्षी दोम्ब्रोव्स्की यांनी तपासलं आणि तसंच निघालं.

उत्तर मिळालं, पण त्यातून मूळ प्रश्न जास्त टोकदार झाला. असे इलेक्ट्रॉन प्रकाश सोडताना आपली शक्ती गमावतात. जो जितका जोरात, तो तितक्या लवकर थकतो. दिसणारा प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन शंभरेक वर्षांत थकायला हवेत, आणि क्ष-किरण देणारे तर वर्षभरातच. १०५४ च्या स्फोटातले इलेक्ट्रॉन केव्हाच संपले असणार. म्हणजे आत कुणीतरी आजही, या क्षणी, ताजे इलेक्ट्रॉन सोडत असलं पाहिजे.

दुसरी विसंगती मला सगळ्यात देखणी वाटते. चित्रफीत उलटी फिरवून नऊशे वर्षं आली, असं वर म्हटलं. नीट मोजलं तर स्फोटाचं वर्ष १०५४ येत नाही, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात येतं. सत्तर-ऐंशी वर्षांची चूक! मोजणी चुकली नव्हती. वायू आज जितक्या वेगानं चालला आहे तितक्या वेगानं तो सुरुवातीला जात नव्हता. त्याचा वेग वाटेत वाढला आहे. फुटलेल्या फटाक्याचे तुकडे दूर जाताना कधी वेग घेत नाहीत. इथे आतून कुणीतरी ढकलतं आहे.

मधोमध दोन अंधूक तारे होते. १९४२ मध्येच वाल्टर बाडे यांनी त्यातल्या दक्षिणेकडच्या ताऱ्यावर संशय घेतला होता, आणि रुडॉल्फ मिंकोव्स्की यांना त्याच्या वर्णपटात एकही ओळखीची रेघ सापडली नव्हती. याच बाडे यांनी फ्रिट्झ झ्विकी यांच्याबरोबर १९३४ मध्ये, न्यूट्रॉन कण सापडून दोनच वर्षं झाली असताना, लिहून ठेवलं होतं की ताऱ्याचा महास्फोट म्हणजे साध्या ताऱ्याचं न्यूट्रॉन ताऱ्यात, म्हणजे जवळजवळ नुसत्या न्यूट्रॉनांच्या इवल्याशा, दाट गोळ्यात, रूपांतर असावं. तीस वर्षं त्याकडे फारसं कुणी गांभीर्यानं पाहिलं नाही.

१९६४ मध्ये तर पुरावा उलटाच मिळाल्यासारखं झालं. ७ जुलैला चंद्र क्रॅबच्या आडून जाणार होता. हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटानं नेमक्या त्या काही मिनिटांसाठी क्ष-किरण मोजणारं रॉकेट सोडलं. क्ष-किरण जर इवल्याशा न्यूट्रॉन ताऱ्यातून येत असतील, तर चंद्राची कड आडवी येताच बटण दाबल्यासारखे बंद व्हायला हवेत. ते हळूहळू कमी होत गेले. म्हणजे उगम पसरट, अख्खा मेघच. न्यूट्रॉन तारा नाही, असा निष्कर्ष निघाला. प्रयोग अतिशय सुंदर होता आणि मोजणी बरोबर होती. बल्ब सापडला होता, जनरेटर नव्हे, एवढंच. बल्ब कुठे लागला आहे यावरून जनरेटर कुठे आहे ते कळत नाही.

भोवरा सापडतो

नोव्हेंबर १९६७ मध्ये इटलीच्या फ्रँको पाचिनी यांनी गणित मांडलं की जबरदस्त चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा गरगर फिरत असेल, तर त्याचं फिरणं हाच ऊर्जेचा साठा. इंधन लागत नाही. भोवऱ्याला कुठे इंधन लागतं? जाळी सुटताना जो झटका मिळाला तीच त्याची सगळी कमाई, आणि पुढे तो तीच खात फिरतो.

त्याच महिन्यांत केंब्रिजला जोसलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्ट्यांवर १.३३७ सेकंदांनी येणारी टिकटिक सापडत होती. पहिला पल्सार, म्हणजे लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा तारा. पाचिनींना तेव्हा त्याची कल्पना नव्हती.

आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अलास्कातल्या क्लिअर इथल्या क्षेपणास्त्र-इशारा रडारवर चार्ल्स शिस्लर नावाच्या वायुदलाच्या अधिकाऱ्याला पडद्यावर एक अंधूक खूण दिसत होती. दुसऱ्या दिवशी ती चार मिनिटं आधी आली. तिसऱ्या दिवशी आणखी चार मिनिटं आधी. पंचांग बघणाऱ्या कुणालाही हे चार मिनिटांचं गणित माहीत असतं, तारे रोज तेवढेच आधी उगवतात. त्यांनाही ते कळलं. फेअरबँक्सच्या विद्यापीठात एका प्राध्यापकाला जागा विचारली, तर ती क्रॅब नेब्यूलाची. लष्करी गुपित म्हणून ते गप्प राहिले आणि रडार बंद झाल्यावर, २००७ मध्ये, बोलले. चाळीस वर्षं ही गोष्ट पोटात ठेवणाऱ्या त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

जाहीर शोध लागला १९६८ च्या ऑक्टोबरात. ग्रीन बँकच्या तीनशे फुटी रेडिओ दुर्बिणीवर स्टेलिन आणि रायफेनस्टाइन यांना क्रॅबच्या दिशेनं अधूनमधून येणारे स्पंद सापडले. पुढच्याच महिन्यात आरेसिबोच्या दुर्बिणीनं त्यांची लय मोजली. ३३ मिलिसेकंद. सेकंदाला तीस फेऱ्या. या एका आकड्यानं वाद मिटवला. सूर्याएवढं वजन घेऊन सेकंदाला तीस वेळा फिरायचं, तर पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेत बटू (सूर्यासारखा तारा मेल्यावर उरणारा गाभा) सुद्धा फाटून जाईल. टिकेल तो फक्त एखाद्या शहराएवढा, वीसेक किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा.

जानेवारी १९६९ मध्ये अ‍ॅरिझोनात किट पीकच्या डोंगरावर कॉक, डिझ्नी आणि टेलर यांनी छत्तीस इंची दुर्बीण मधल्या ताऱ्यावर रोखली. पहिल्या रात्री काहीच मिळालं नाही. मग एका रात्री पडद्यावर हिरव्या ठिपक्यांतून एक उंचवटा हळूहळू वर येऊ लागला, आणि शेजारी दुसरा, लहान. तारा उघडझाप करत होता. टेपरेकॉर्डर चालू राहिला होता, त्यामुळे त्या क्षणीचे त्यांचे थरथरते आवाज आजही ऐकता येतात. बाडे यांनी सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी बोट दाखवलेला दक्षिणेकडचा ताराच तो. इतकी वर्षं तो फोटोंत होता, फक्त फोटो घेणारी काच मिनिटंच्या मिनिटं उघडी राहायची, आणि तो तेवढ्यात हजारो वेळा लुकलुकून घ्यायचा.

आता हिशेब. हा तारा मंद होतो आहे. त्याची एक फेरी आज जितक्या वेळात होते, त्याहून उद्या सुमारे ३६ नॅनोसेकंद जास्त लागतील. वर्षाला साधारण १३ मायक्रोसेकंद. १९६९ मध्ये एका फेरीला ३३.०९ मिलिसेकंद लागायचे, आता ३३.८ च्या आसपास लागतात. ऐकायला हे काहीच नाही. पण फिरणारी वस्तू म्हणजे वीस किलोमीटरमध्ये कोंबलेले दीड सूर्य आहेत. त्यातला चमचाभर पदार्थ पृथ्वीवर आणला तर तो कोट्यवधी टन भरेल. एवढं वजन एवढंसं मंदावलं तरी त्यातून दर सेकंदाला जी ऊर्जा सुटते ती सूर्याच्या एकूण उत्पादनाच्या लाखभर पट भरते. आणि तेजोमेघाचा सगळा उजेड अधिक वायूला मिळणारा रेटा, यांना लागणारी ऊर्जा याच मापाची आहे.

थॉमस गोल्ड यांनी हा ताळा मांडला तेव्हा दोन्ही बाजू जुळल्या. एका बाजूला आकाशात मोजलेला उजेड, दुसऱ्या बाजूला घड्याळानं मोजलेलं मंदावणं. दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या लोकांच्या, वेगवेगळ्या यंत्रांवरच्या. मेलेल्या ताऱ्याचं काय होतं, या प्रश्नाला विज्ञानानं दिलेल्या उत्तरांपैकी मला हे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं, कारण ते वहीत लिहून तपासता येतं.

आत काय घडलं होतं

हा भोवरा बनला कसा, हे सांगायला १९३० च्या मुंबईत यावं लागतं. ३१ जुलैला एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीनं इंग्लंडकडे निघाला. वाटेत तो मेलेल्या ताऱ्यांचं गणित करत होता. ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचं स्वतःचं वजन त्याला आत दाबतं, आणि एका टप्प्यावर इलेक्ट्रॉनच दाटीवाटीनं त्याला थोपवून धरतात. चंद्रशेखरांनी दाखवलं की या थोपवण्याला मर्यादा आहे. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. गाभ्याचं वजन त्यापलीकडे गेलं की इलेक्ट्रॉनांचा टेका सुटतो.

क्रॅबच्या मूळ ताऱ्याचं वजन सूर्याच्या आठ ते दहा पट असावं असा अंदाज आहे. त्याच्या गाभ्याचा टेका सुटला तेव्हा पृथ्वीच्या मापाचा तो गोळा सेकंदभरात शहराएवढा झाला. इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत दाबले जाऊन न्यूट्रॉन झाले, आणि न्यूट्रिनो नावाचे जवळपास अस्पृश्य कण बहुतेक सगळी ऊर्जा घेऊन पळाले. दिवसा दिसलेला तो उजेड म्हणजे उरलेली चिल्लर. गाभा आधी हळू फिरत होता, आकसला तसा वेग वाढला. दोरीला बांधलेला खडा गरगर फिरवताना दोरी बोटाभोवती गुंडाळत गेली की खडा कसा सुसाटतो, तसंच.

चंद्रशेखरांच्या नावाची क्ष-किरण दुर्बीण, 'चंद्रा', १९९९ मध्ये अवकाशात गेली. तिनं क्रॅबच्या मध्यभागाचा जो फोटो घेतला तो मी भिंतीवर लावला आहे. मधे ठिपका, भोवती कडं, आणि कड्याला काटकोनात दोन बाजूंना निघालेले झोत. त्या कड्यातून तेजाच्या लाटा प्रकाशाच्या निम्म्या वेगानं बाहेर सरकताना महिन्या-महिन्याच्या फोटोंमध्ये दिसतात. सप्लायची लाइन डोळ्यांनी दिसावी, तशी.

आपल्याकडच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरचं क्ष-किरण मोजणारं सीझेडटीआय हे उपकरण ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलं तेव्हा आधी क्रॅबकडेच वळवलं. त्याची माहिती पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत येते. २०१७ मध्ये संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांनी या उपकरणाच्या आधारे दाखवलं की पल्सारच्या एका फेरीच्या आत क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या कंपनांचं ठरावीक दिशेला असणं, बदलत जातं, आणि ते दोन स्पंदांच्या मधल्या, शांत समजल्या जाणाऱ्या वेळेतही बदलतं. ३३ मिलिसेकंदांच्या फेरीचे असे बारीक काप करून बघणं सोपं नाही. तो भोवरा ऊर्जा नेमकी कुठून सोडतो, याबद्दलचे जुने आराखडे त्यामुळे पुन्हा तपासावे लागले. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस डिशही पल्सारांवर नजर ठेवून असतात. कारण हे भोवरे मंदावता मंदावता मधेच एकदम किंचित वेग घेतात. वरचं कवच मंदावलेलं असतं, आतला न्यूट्रॉनांचा अतिप्रवाही द्रव अजून जोरात फिरत असतो, आणि तो अचानक कवचाला हिसका देतो, असं मानलं जातं. क्रॅबचा आजवर नोंदलेला सर्वांत मोठा हिसका नोव्हेंबर २०१७ मधला.

जे अजून जुळलेलं नाही

प्रकरण बंद झालेलं नाही. मूळ तारा आठ-दहा सूर्यांचा, न्यूट्रॉन ताऱ्यात गेले सुमारे दीड, तंतूंमध्ये मोजून काही सूर्य भरतात, आणि तरी बेरीज कमी पडते. स्फोटही उजेडाला जबर असला तरी जोराला कमी होता. गाभा नेहमीसारखा लोखंड होण्यापर्यंत न पोचता आधीच, इलेक्ट्रॉन गिळले गेल्यामुळे, ढासळला असावा असं काहींचं मत आहे. वेब दुर्बिणीनं २०२४ मध्ये तिथल्या निकेल आणि लोखंडाचं प्रमाण मोजलं, त्यातूनही दोन्ही शक्यता शिल्लक राहिल्या.

क्ष-किरणांचं तेज मोजायला शास्त्रज्ञ 'क्रॅब' हेच एकक वापरत आले आहेत, मिलिक्रॅब वगैरे, इतका तो स्थिर समजला जाई. २०१० आणि २०११ मध्ये त्यानं गॅमा किरणांचे, काही दिवस टिकणारे, असे भडके मारले की ती समजूत मोडली.

हेही सांगायला हवं की सगळे तारे असे मरत नाहीत. आपला सूर्य फुटणार नाही. तो फुगेल, वरची आवरणं सोडून देईल, आणि व्याधाच्या छोट्या सोबत्यासारखा श्वेत बटू होऊन निवत राहील. फार मोठ्या ताऱ्यांचा गाभा न्यूट्रॉनांनाही पेलत नाही, त्याचं कृष्णविवर होतं. क्रॅब या दोन्हींच्या मधला.

आणि बाहेर गेलेला वायू? २०१३ मध्ये हर्शेल दुर्बिणीला क्रॅबच्या तंतूंत अर्गॉन आणि हायड्रोजनचा रेणू सापडला. निष्क्रिय वायूचा रेणू अवकाशात प्रथमच दिसत होता. त्यातला अर्गॉन अशा ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटात बनणाऱ्या जातीचा आहे. आपल्या हवेतला बहुतेक अर्गॉन वेगळ्या जातीचा, खडकांतल्या पोटॅशियमपासून झालेला. पण तारे आपल्या पोटात शिजवलेलं बाहेर टाकतात, हे तिथे ताजं, अजून विखुरलं नसताना बघायला मिळतं.

काकांना मी हे सगळं त्या रात्री टप्प्याटप्प्यानं सांगितलं. भोवऱ्यापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"म्हणजे लाइन १०५४ लाच गेली. तेव्हापासून इन्व्हर्टरवर चाललंय."

मी हो म्हटलं.

"मग बॅकअप किती?"

काही हजार वर्षांत पुरवठा आजच्या मानानं अगदी थोडा उरेल. काही दहा हजार वर्षांत हा वायू पातळ होत आजूबाजूच्या वायूत मिसळून जाईल आणि दुर्बिणीत डाग दिसणार नाही. भोवरा मात्र फिरत राहील, आधी सेकंदाला दहा फेऱ्या, मग एक. त्याचे रेडिओ स्पंद कोटीएक वर्षं पुरतील.

काकांनी कप खाली ठेवला. दुर्बिणीतून डाग एव्हाना निसटला होता. मी तो पुन्हा मधोमध आणून दिला आणि ते वाकून बघू लागले.